बांबूच्या भाल्यांनी ब्रिगेड मोडत नाही : सुराबायावर मराठीत लिहिणाऱ्यांना आणि बोलणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत युद्धेतिहास लिहिणारे लेखक, शाळा-महाविद्यालयांतील इतिहास मंडळे आणि गावोगावच्या युद्धस्मारक समित्या यांस

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ मध्ये इंडोनेशियाच्या पूर्व जावातल्या सुराबाया शहरात जी लढाई झाली, तिच्याबद्दल मराठीत फार थोडे लिहिले जाते. जे लिहिले जाते त्याचे ठरलेले दोन साचे आहेत. एकात आपली मराठा पलटण जपान्यांशी झुंजते. दुसऱ्यात बांबूचे भाले घेतलेले निःशस्त्र तरुण साम्राज्याला लोळवतात. पहिला साचा सरळ चूक आहे. दुसरा ऐकायला गोड वाटतो, पण त्यातून काहीच कळत नाही. आम्ही लष्करी इतिहासाचे अभ्यासक आहोत आणि या लढाईची कागदपत्रे चाळत असतो. पुढच्या वेळी कोणी लेख लिहिणार असेल, व्याख्यान देणार असेल किंवा गावात फलक बसवणार असेल, तर त्याच्या हाताशी नेमका तपशील असावा म्हणून हे पत्र.

आधी तारखा. जपानने शरणागती जाहीर केली १५ ऑगस्ट १९४५ रोजी. सुकार्नो आणि हट्टा या नेत्यांनी जकार्तात इंडोनेशियाच्या, म्हणजे जुन्या डच वसाहतीच्या, स्वातंत्र्याची घोषणा केली १७ ऑगस्टला. ४९ वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड सुराबायाच्या तांजुंग पेराक बंदरात उतरली २५ ऑक्टोबरला. म्हणजे महायुद्ध संपून दहा आठवडे झाले होते आणि प्रजासत्ताकाचा कारभार शहरात सुरूही झाला होता. ब्रिगेडीअर मॅलबी यांच्या या ब्रिगेडमध्ये मराठा लाईट इन्फंट्री होती, राजपुताना रायफल्स होती. बहुतेक शिपाई भारतीय, वरचे अधिकारी बहुतांशी ब्रिटिश. लेखी कामे तीन होती : जपान्यांची शस्त्रे गोळा करणे, जपान्यांनी छावण्यांत कोंडलेल्या डच बायका-मुलांना आणि युद्धकैद्यांना बाहेर काढणे, आणि सुव्यवस्था राखणे. त्यातल्या तिसऱ्या कामातच सगळी मेख होती. सुव्यवस्था कोणाची? इंग्रजांच्या मागोमाग डचांचे मुलकी प्रशासन, म्हणजे निका, परत येऊ पाहत होते आणि ते शहरातल्या पोरासोरालाही ठाऊक होते. सप्टेंबरात हॉटेल यामातोच्या गच्चीवर काही डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला, तेव्हा तरुणांनी वर चढून त्यातला निळा पट्टा फाडून टाकला होता. उरला तो प्रजासत्ताकाचा लाल-पांढरा. शहराची मनःस्थिती एवढ्यावरून ओळखावी.

आता हत्यारांकडे येऊ, कारण बांबूची दंतकथा मोडते ती इथे.

जपान्यांनी १९४३ पासून जावात 'पेटा' नावाचे स्थानिक स्वयंसेवक दल उभे केले होते, सुमारे ३७ हजार जणांचे. शरणागतीनंतर दोन-चार दिवसांतच जपान्यांनी ते विसर्जित केले आणि त्यांच्या रायफली काढून घेऊन कोठारांत ठेवल्या. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती की कवायत शिकलेली माणसे घरी मोकळ्या हातांनी बसलेली आणि हत्यारे जपानी पहाऱ्यात कुलपांमागे. सुराबायात या दोहोंची गाठ पडली, आणि जावातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त प्रमाणात पडली. कारणे तीन. जपान्यांनी पोलिसांच्या खास तुकडीची शस्त्रे काढून घेतली नव्हती, त्यामुळे कोठारांवर जाताना जमावापुढे शिस्तीचे सशस्त्र पथक असे. दुसरे, इथला जपानी नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल शिबाता प्रजासत्ताकाला अनुकूल होता. तिसरे कारण जवळपास विनोदी आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हुइयर नावाच्या एका डच नौदल कॅप्टनने दोस्त राष्ट्रांच्या वतीने जपान्यांची शरणागती स्वीकारली. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, तेव्हा मिळालेली शस्त्रे सांभाळायला म्हणून त्याने ती इंडोनेशियनांकडेच दिली. डॉन बॉस्को शाळेच्या आवारातले मोठे शस्त्रागार त्याच्याही आधी लोकांच्या हाती गेले होते. म्हणजे भारतीय ब्रिगेड उतरली तेव्हा शहरात रायफली होत्या, मशीनगनी होत्या, विमानविरोधी तोफा होत्या, चिलखती गाड्याही होत्या. बांबूचे भाले होतेच, पण ज्यांच्या वाट्याला रायफल आली नाही त्यांच्या हातात.

मात्र हत्यार हाती येणे वेगळे आणि ते चालत ठेवणे वेगळे. इथे काडतुसांचा घोळ समजून घ्यावा लागतो, आणि लेखांत तो कधीच येत नाही. जपानी भूदलाची टाइप ३८ रायफल ६.५ मिलिमीटरची. डच वसाहती सैन्याची जुनी मॅनलिखर, तीही ६.५ चीच. पण जपानी काडतुसाचे पितळी कवच ५० मिलिमीटर लांब आणि डच काडतुसाचे ५३. बुडाची कडही निराळी. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. मॅनलिखरला तर पाच गोळ्या पकडणारी पत्र्याची क्लिप गोळ्यांसकट आत घालावी लागते. गोळ्या संपल्या की ती खालून गळून पडते. धावपळीत क्लिपा हरवल्या की ती रायफल एकेक गोळी घालून चालवायची. जपानी भूदलाची नवी टाइप ९९ रायफल ७.७ मिलिमीटरची. इंग्रजांची .३०३ सुद्धा मापाने जवळपास तेवढीच, पण कवचाचा आकार वेगळा, त्यामुळे भारतीय शिपायाकडून हिसकावलेल्या गोळ्या टाइप ९९ मध्ये बसत नाहीत. गंमत पुढे आहे. जपानी नौदलाची टाइप ९२ मशीनगन ही इंग्रजी लुईस गनची नक्कल, आणि तिचे काडतूस .३०३ च्याच घडणीचे. सुराबाया नौदलाचा तळ असल्याने तिथे हिसकावलेल्या इंग्रजी गोळ्या कामी आणता येण्याजोग्या गनही असणार. पण एकाच अडथळ्यामागे चार जातींच्या रायफली घेऊन बसलेल्या वीस पोरांना एक पेटी उघडून पुरत नाही, हे ध्यानात घेतले की पहिल्या दोन दिवसांचा धडाका आणि पुढची ओढाताण या दोन्हींचा उलगडा होतो.

आता नकाशा. सुराबाया उत्तर-दक्षिण लांबट शहर आहे. उत्तरेला तांजुंग पेराक बंदर, दक्षिणेला वोनोक्रोमो, मध्ये साधारण अकरा किलोमीटर. मधून काली मास नदी. तिच्या आसपास दाट वस्तीचे कांपुंग, ज्यांच्या गल्ल्यांतून लष्करी लॉरी जात नाही. १९३० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती वाढलेलीच असणार.

मॅलबींनी या अकरा किलोमीटरवर ब्रिगेड शिंपडली. विमानतळ, वीजकेंद्र, रेडिओ केंद्र, रेल्वे स्थानक, इस्पितळ, डच बायका-मुले असलेल्या दार्मो भागातल्या छावण्या, गोदामे, बँका, सगळीकडे तुकड्या. कुठे एक कंपनी, कुठे प्लाटून, कुठे दहा जणांचा सेक्शन. हिशेब करून पाहावा. ब्रिगेड चार-एक हजारांची म्हटली, तरी त्यात इंजिनिअर, सिग्नल, दवाखाना, वाहनचालक, स्वयंपाकी आले. बटालियनमधल्या चार रायफल कंपन्या प्रत्येकी सव्वाशे माणसांच्या धरल्या तर तीन बटालियनचे मिळून दीड हजार शिपाई प्रत्यक्ष लढायला उरतात. ते वीसेक ठिकाणी वाटले की एका ठाण्याला दुसऱ्याची मदत पोचत नाही, राखीव दल शिल्लक राहत नाही, आणि दारूगोळा अंगावर आहे तेवढाच. इंफाळच्या रानात हीच ब्रिगेड लढली होती. पण तिथे ठाणे म्हणजे चारी बाजूंनी खणलेला, एकमेकांना आगीने झाकणारा मोर्चा असे. इथे ठाणे म्हणजे दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा बंगला.

ही मांडणी एकाच अटीवर चालली असती : शहर शांत राहिले तर. आणि २६ ऑक्टोबरला तसा करारही झाला होता. फक्त जपान्यांची शस्त्रे काढायची, डच सैन्य आणायचे नाही. मॅलबींनी समजुतीने घेतले, इंडोनेशियनांनीही. पण त्याच रात्री एका प्लाटूनने कालिसोसोक तुरुंगात शिरून, इंडोनेशियनांनी डांबलेल्या हुइयर आणि त्याच्या सोबत्यांची सुटका केली, आणि दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, जकार्ताहून आलेल्या डाकोटा विमानाने शहरावर पत्रके टाकली. २३ व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल हॉथॉर्न यांची सही. मजकूर असा की सर्व शस्त्रे ४८ तासांत जमा करा, त्यानंतर ज्याच्याजवळ शस्त्र दिसेल त्याला गोळी घातली जाईल. पत्रकांची पूर्वकल्पना मॅलबींनाच नव्हती. तरी वरिष्ठांचा हुकूम म्हणून त्यांनी तो राबवायला घेतला. शहराच्या दृष्टीने कालचा करार आज विमानातून फाडून टाकला गेला. आमच्या मते ब्रिगेडचा घात झाला तो याच कागदाने. मांडणी करारावर विसंबून केली होती. करार गेला, मांडणी तशीच राहिली.

याच सुमारास शहराबाहेरून माणसे येऊ लागली होती. २२ ऑक्टोबरला नहदलतुल उलेमा या संघटनेने सुराबायातच ठराव केला की ९४ किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक मुसलमानावर लढणे हे वैयक्तिक कर्तव्य आहे, आणि त्यापलीकडच्यांवर सामूहिक. ९४ हा आकडा कुठून आला? प्रवासात नमाज आखूड करण्याची सवलत जिथपासून मिळते, ते हे अंतर. धर्मशास्त्रातल्या एका मापाचे असे भरतीचे वर्तुळ झाले आणि आजूबाजूच्या पेसांत्रेनमधली, म्हणजे निवासी मदरशांतली, मुले शहराकडे निघाली. रेडिओवर तरुणांचे नेते बुंग तोमो रोज रात्री बोलत होते. मॅलबींशी वाटाघाटी करणाऱ्या मंडळींत मुस्तोपो होते, ते व्यवसायाने दंतवैद्य. प्रजासत्ताकाचे कागदावरचे सैन्य म्हणजे टीकेआर, ते ५ ऑक्टोबरला स्थापन झालेले, जेमतेम तीन आठवड्यांचे.

२८ ऑक्टोबरला दुपार ढळल्यावर सगळ्या ठाण्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. डच बायका-मुलांना घेऊन गुबेंगहून निघालेला लॉऱ्यांचा ताफा वाटेत अडकला आणि त्यात फार वाईट कत्तल झाली. हे इंडोनेशियन बाजूला न शोभणारे पान आहे आणि ते गाळू नये. दोन दिवसांत छोटी ठाणी एकेक करून पडली. ज्यांची काडतुसे संपली, त्यांतले काही शरण आल्यावर मारले गेले. ब्रिगेडचे शेकडो जवान ठार, जखमी वा बेपत्ता झाले. ब्रिगेड सबंध बुडाली नाही, कारण इंग्रजांनी घाईने सुकार्नो, हट्टा आणि मंत्री आमीर शरिफुद्दीन यांना २९ तारखेला विमानाने सुराबायात आणले. ३० ला हॉथॉर्न आले. पत्रके रद्द, टीकेआरला मान्यता, भारतीय तुकड्यांनी बंदर आणि दार्मो एवढ्या दोनच ठिकाणी जमायचे, दोन्ही बाजूंचे मिळून एक संपर्क मंडळ. नेते विमानतळाकडे गेले.

त्या संध्याकाळी जेम्बातान मेराह, म्हणजे लाल पुलाजवळच्या इंटरनाशिओ इमारतीत ६ व्या मराठा बटालियनची एक कंपनी अडकलेली होती आणि चौकात जमाव होता. संपर्क मंडळाबरोबर मॅलबी गाडीतून तिथे गेले. शस्त्रसंधी झाल्याचे आतल्यांना कळवायला माणूस पाठवला. पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि त्या गोंधळात एका तरुणाने गाडीपाशी येऊन मॅलबींना गोळी घातली. सोबतचे दोन तरुण अधिकारी हातबॉम्ब टाकून काली मास नदीत उतरले आणि निसटले. ब्रिटिश सेनापतींनी याला शस्त्रसंधी मोडून केलेला खून ठरवले. खासदार टॉम ड्रायबर्ग यांनी ब्रिटिश संसदेत सांगितले ते वेगळे होते : इमारतीतल्या भारतीय तुकडीला तह झाल्याचे ठाऊक नव्हते, गोळीबार तिथून झाला, आणि पुढचे सारे त्या गैरसमजातून. मराठीत लिहिताना यातली एकच बाजू उचलू नका. विशेषतः ज्या इमारतीत आपली माणसे होती, तिच्याबद्दल लिहिताना तर नाहीच.

१० नोव्हेंबरची लढाई ही यानंतरची, आणि वेगळ्या फौजेची. मेजर जनरल मॅन्सर यांची ५ वी इंडियन डिव्हिजन रणगाडे घेऊन उतरली. समुद्रात ससेक्स क्रूझर आणि विनाशिका, आकाशात थंडरबोल्ट आणि मॉस्किटो विमाने. ९ तारखेचे निर्वाणीचे पत्रक वाचले तर त्याची भाषाच सांगते की ते मान्य व्हावे म्हणून लिहिलेले नाही. सर्व पुढाऱ्यांनी संध्याकाळी सहापर्यंत ठरलेल्या रस्त्यावर एकामागे एक चालत यायचे, शंभर यार्डांवर शस्त्रे ठेवायची, हात डोक्यावर घ्यायचे. गव्हर्नर सुर्यो यांनी रात्री रेडिओवरून नकार दिला. सकाळी सहाला मारा सुरू झाला. शहराचा मोठा भाग तीन दिवसांत पडला, पण गल्लीबोळांतली लढाई नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली. इंडोनेशियन मृतांचा आकडा इतिहासकार किमान सहा हजार धरतात.

या दुसऱ्या फेरीत इंडोनेशियन बाजूचे काय चुकले तेही लिहावे. एक सेनापती नव्हता. टीकेआर, खास पोलीस, बुंग तोमोंची संघटना, मुस्लिम तरुणांचे हिजबुल्ला नावाचे दल, तरुणांची निरनिराळी दले, प्रत्येकाचा आपापला हुकूम. ऑक्टोबरात विखुरलेल्या ठाण्यांवर चालून जायला एवढे पुरले. नौदलाच्या तोफांसमोर रस्ता धरून बसणे हे निराळे काम, तिथे पुरले नाही. प्रजासत्ताकाने यावरून धडा घेतला. मार्च १९४६ मध्ये बांडुंगमध्ये इंग्रजांनी दक्षिण भाग रिकामा करून अकरा किलोमीटर मागे हटायची मुदत दिली, तेव्हा तिथले इंडोनेशियन सेनापती नासुत्योन यांनी शहर धरले नाही. २४ मार्चच्या रात्री रहिवाशांनी घरांना आगी लावल्या आणि सैन्य डोंगरांत गेले. समोर होती ती हॉथॉर्न यांचीच २३ वी डिव्हिजन.

मुंबईशी या प्रकरणाचा धागा थेट आहे. लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेवरचा खटला सुरू झाला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी, म्हणजे मॅलबी मेले आणि सुराबायावर मारा सुरू झाला त्याच्या मधल्या आठवड्यात. भारतीय सैन्य जावात का वापरता, हा सवाल नेहरूंपासून सगळ्यांनी विचारला. सुराबायात सैन्याचे जनसंपर्क अधिकारी असलेले पी. आर. एस. मणी पुढे राजीनामा देऊन मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'चे वार्ताहर म्हणून इंडोनेशियाला परतले. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या 'तलवार' या नौदल तळावरून उठलेल्या नाविकांच्या मागण्यांत जेवण आणि पगाराबरोबर एक मागणी होती : इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. मुंबईच्या उठावावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. ही मागणी सुराबायाशी जोडून सांगितली तर वर्गातल्या मुलांना ती एकदम कळेल.

आता स्मारक समित्यांसाठी कामाचे. पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले ते सांगणारे दगड आपल्याकडे भिंतींत बसवलेले आहेत. दुसऱ्यासाठी नावे शोधायची तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. आयोग ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू महायुद्धातच धरतो, म्हणून सुराबायाची नावे त्याच यादीत सापडतील. रेजिमेंट '५ वी मराठा लाईट इन्फंट्री' आणि तारीख २८ ऑक्टोबर १९४५ पासून पुढे, अशी चाळणी लावा. देश इंडोनेशिया एवढाच निवडू नका. जकार्तातल्या युद्धस्मशानात मॅलबींसह बऱ्याच जणांच्या कबरी आहेत, पण ज्यांचे दहन झाले किंवा ज्यांची जागा सापडली नाही, त्यांची नावे अन्य देशांतल्या स्मारकांवर असू शकतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. स्पेलिंग कारकुनाच्या कानाचे, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून बघा. जिल्हे जुने : कुलाबा म्हणजे आजचा रायगड, रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग, आणि कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने. पलटणींच्या रोजच्या युद्धनोंदी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत. त्यात शिपायांची नावे क्वचित मिळतात, पण कोणती कंपनी कोणत्या इमारतीत होती ते कळते.

फलकावर 'जपान्यांशी लढताना' असे लिहू नका, 'दंगलीत' असेही नको. मजकूर असा सुचवतो : 'सुराबाया, जावा, ऑक्टोबर १९४५. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर परतणाऱ्या डच सत्तेला झालेल्या सशस्त्र प्रतिकारात, ब्रिटिश हुकमतीखाली लढताना मृत.' आणि कार्यक्रम घ्यायचा तर तो २८ ऑक्टोबरला घ्यावा. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियनांचा दिवस आहे. तोपर्यंत ४९ व्या ब्रिगेडमधून जे वाचले, ते बंदराजवळ येऊन थांबले होते.

कळावे,
आपले,
लष्करी इतिहासाचे काही अभ्यासक